गाडीचे खरे किलोमीटर



या सदरात आपण एरवी ठेवी, नामनिर्देशन, गृहकर्ज, मृत्युपत्र अशा विषयांवर बोलतो. त्यामुळे या महिन्याचा विषय पाहून काही ज्येष्ठ वाचकांना नवल वाटेल. विषय आहे जुनी, भरपूर चाललेली आणि मुळात वेगासाठीच बनवलेली टर्बो मोटार विकत घेण्याचा. प्रसंग माझ्या घरातलाच आहे. त्या निमित्ताने मला माझाही एक जुना हिशेब उघडावा लागला, म्हणून तो सविस्तर लिहितो.

माझा पुतण्या अठ्ठावीस वर्षांचा आहे. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत तो अभियंता आहे. मिळकत बेताची पण नियमित, व्यसन कसलेही नाही, चातुर्मासात रात्रिभोजन वर्ज्य. एवढ्या सरळ मुलाच्या मनात कॉलेजपासून एकच इच्छा घर करून होती, ती म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिनाची जलद मोटार. नवी घेण्याची ऐपत नाही, म्हणून त्याने जुनी पाहायला सुरुवात केली. माझा धाकटा भाऊ वैतागला आणि त्याला माझ्यापुढे आणून उभा केला. म्हणाला, "आप्पा, तुम्ही जन्मभर कर्जाच्या फायली वाचल्यात. लाखावर किलोमीटर चाललेली गाडी कुणी घेतं काय? तुम्हीच सांगा याला."

मीही प्रथम भावाचीच बाजू घेतली. बँकेत असताना जुन्या वाहनाच्या कर्जाचा अर्ज आला की माझी नजर आधी उत्पादनाच्या वर्षावर आणि मग किलोमीटरवर जात असे. आकडा मोठा दिसला की मन साशंक होई. पुतण्याने माझे सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाला, "आप्पा, दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बघायला आपण सगळे जातो. ती किती जुनी आहे? तरी चालते की. गाडी वयानं जात नाही, हयगयीनं जाते."

त्यावर मला उत्तर सुचले नाही. कोल्हापूरकराला मेबॅकचे उदाहरण दिले की वाद संपतो. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील ती जर्मन मोटार आजही दसऱ्याच्या सोहळ्यात दसरा चौकात येते आणि लहानथोर सारे तिच्याकडे कौतुकाने पाहतात. यंत्राची निगा हा या गावाचा स्वभावच आहे. उद्यमनगरातल्या कारखान्यांनी शेतीची ऑइल इंजिने घडवली, शिरोलीच्या फाउंड्र्यांतून देशभरातल्या वाहनांचे सुटे भाग जातात. अशा गावात वाढलेल्या मुलाला इंजिनाचे वेड लागावे, यात नवल ते काय!

तेव्हा 'घेऊ नको' म्हणण्याऐवजी 'नीट पाहून घे' म्हणावे, असे मी ठरवले आणि आधी स्वतः विषय समजून घेतला. तो वाचकांसाठी थोडक्यात सांगतो.

इंजिनात इंधन जळते ते हवेच्या साहाय्याने. जास्त हवा आत कोंबता आली तर त्याच आकाराच्या इंजिनात जास्त इंधन जाळता येते आणि ताकद वाढते. ही हवा कोंबण्यासाठी इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराचाच जोर वापरायचा, ही कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याची. त्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. धुराच्या झोताने एक छोटे चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात पाठवते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. त्याच्या एका अंगाला जळता धूर आणि दुसऱ्या अंगाला थंड हवा. एवढ्या वेगाने फिरणारा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. ते तेल वेळेवर बदलले नाही, किंवा जोरात पळवून आणलेली गाडी उभी करताच इंजिन लगेच बंद केले, तर आत अडकलेले तेल उष्णतेने करपते, त्याचा कीट बसतो आणि दांड्याची झीज सुरू होते. म्हणून टर्बो गाडीच्या बाबतीत ती किती चालली यापेक्षा तिचे तेल कधी आणि कोणते बदलले, हा प्रश्न मोलाचा ठरतो.

आपल्याकडे सामान्य खरेदीदारासाठी अशा वेगवान टर्बो पेट्रोल गाड्या गेल्या वीसेक वर्षांतल्या. त्यांपैकी गाजलेल्या काही तर महाराष्ट्रातच तयार झाल्या. स्कोडा ऑक्टेव्हियाची दीडशे अश्वशक्तीची 'आर.एस.' आवृत्ती २००४ च्या सुमारास आली. ऑक्टेव्हिया जोडली जाई ती तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. फोक्सवॅगन पोलोची 'जी.टी. टी.एस.आय.' चाकणच्या कारखान्यातून २०१३ साली आली. फियाटची १४५ अश्वशक्तीची 'अबार्थ पुंतो' रांजणगावात बनली आणि २०१५ साली बाजारात आली. आज फियाटने भारतातील मोटारविक्री थांबवली आहे आणि पोलोचे येथील उत्पादनही २०२२ मध्ये बंद झाले. त्यामुळे ज्याला या गाड्या हव्यात त्याला जुन्या बाजारातच जावे लागते आणि तिथे बहुतेक गाड्यांनी लाखाचा टप्पा ओलांडलेला असतो. पुतण्याने शेवटी कोणती गाडी घेतली हे मुद्दाम लिहीत नाही. सांगायचे आहे ते कोणत्याही गाडीला लागू पडणारे आहे.

दोन गाड्यांवर त्याचा शोध येऊन थांबला होता. दोन्ही एकाच बनावटीच्या. पहिली एका व्यापाऱ्याकडे होती. २०१४ सालची, चमकदार, आतले आसन नव्यासारखे, मीटरवर ५८,००० किलोमीटर, किंमत ६,७५,००० रुपये. दुसरी मिरजेच्या एका डॉक्टरांची. २०१३ सालची, पुढच्या बंपरवर ओरखडे, मीटरवर १,३१,००० किलोमीटर, किंमत ५,४०,००० रुपये. मी मनात लगेच तुलना केली. एक वर्षाने नवी आणि निम्म्याहून कमी चाललेली गाडी फक्त १,३५,००० रुपये जास्त देऊन मिळत असेल तर विचार कसला करायचा? पुतण्याला तसे सांगितलेही. तो म्हणाला, "आधी मिस्त्रींना दाखवू."

उद्यमनगरात त्याच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. साठीकडे झुकलेले, बोलणे मोजके. व्यापाऱ्याने गाडी तिथे नेऊ दिली, हे त्याचे सौजन्य. मिस्त्रींनी रंगाकडे पाहिलेही नाही. त्यांनी ब्रेकच्या पायपट्टीचे रबर पाहिले, ते एका बाजूने पार गुळगुळीत झालेले होते. चालकाच्या आसनाची कड चाचपली, तर वर नवे कव्हर होते आणि खालचा फोम बसलेला होता. टायरवर कोरलेले चार अंक त्यांनी मला वाचून दाखवले. पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात, हे मला त्या दिवशी कळले. टायर मूळचे नव्हते आणि बदललेल्या टायरांनाही बरीच वर्षे झाली होती. मग त्यांनी बॉनेट उघडले आणि बॅटरीच्या मागे हात घालून तेलाने काळवंडलेला एक पुठ्ठ्याचा तुकडा ओढून काढला. तेल बदलल्यावर गॅरेजवाले अडकवतात तसला. त्यावर बॉलपेनने लिहिले होते : 'पुढील ऑइल १,०५,००० कि.मी.'

आम्ही तिघे काही क्षण बोललो नाही. मग मिस्त्री म्हणाले, "साहेब, मीटर मागं फिरवायला अर्धा तास लागतो. पण पायपट्टी मागं फिरवता येत नाही."

व्यापाऱ्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "आम्हाला गाडी अशीच मिळाली. मीटर कुणी फिरवलं असेल तर आधीच्या मालकानं." कदाचित तो खरेही बोलत असेल. पण तेल बदलल्याची एकही पावती त्याच्याकडे नव्हती, मूळ मालकाचा दूरध्वनी क्रमांक द्यायलाही त्याने नकार दिला. गाडी तिथेच सोडून आम्ही परत आलो.

त्या रात्री मला झोप लागेना. लहानपणी पाठशाळेत ऐकलेला एक शब्द आठवत होता. श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी अचौर्यव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत. त्यांतला एक आहे 'हीनाधिकमानोन्मान', म्हणजे देताना कमी आणि घेताना जास्त भरेल अशी मापे वापरणे. दुसरा 'प्रतिरूपकव्यवहार', म्हणजे हलक्या वस्तूला चांगल्या वस्तूचे रूप देऊन ती खपवणे. आमच्या पंडितजींनी समजावताना तागडी, शेर-मापटे आणि तुपातली भेसळ अशी उदाहरणे दिली होती. मीटर हेही मापच की! ७० तोळे असताना ४० सांगणारी तागडी आणि लाखाच्या पुढे गेलेले किलोमीटर ५८,००० दाखवणारा मीटर यांत मला फरक दिसेना. विशेष म्हणजे शास्त्राने हे अतिचार असत्यात न धरता चोरीच्या प्रकरणात घातले आहेत. दुसऱ्याचे पैसे त्याच्या अजाणतेपणी घेतले, मग ते खिशातून घेतले काय आणि मापातून घेतले काय, चोरीच ती.

पुढच्या रविवारी आम्ही मिरजेला गेलो. डॉक्टर दर आठवड्याला पुण्याला जात असत, त्यामुळे गाडी मुख्यतः महामार्गावर चाललेली. त्यांनी आमच्यापुढे एक जाड फाइल ठेवली. पहिल्या दिवसापासूनच्या सर्व पावत्या तारखेनुसार लावलेल्या होत्या. दर पावतीवर किलोमीटरचा आकडा होता आणि तो प्रत्येक वेळी आधीपेक्षा वाढत गेलेला होता. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला अशी फाइल पाहून किती आनंद होतो, हे सांगायला नको. चहा झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरातला एक कागद पुढे केला. त्यावर गाडीतले सात दोष लिहिले होते. क्लच संपत आला आहे. थंडीत पहिल्यांदा चालू करताना क्षणभर निळसर धूर येतो. मागच्या उजव्या शॉकअॅब्सॉर्बरमधून तेल झिरपते. एअरकंडिशनर दुपारी कमी पडतो. अशी ती यादी होती.

मी विचारले, "डॉक्टरसाहेब, हे आपण लिहून देता, तर किंमत कमी होणार नाही का?"

ते हसून म्हणाले, "होईल की. पण रोग्यानं मला लक्षणं लपवून सांगितली तर मला राग येतो. मग मी कसा लपवू?"

मिस्त्रींनी ती गाडी तपासली तेव्हा यादीबाहेरचे फक्त दोनच किरकोळ दोष सापडले. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारी हवेची नळी काढून त्यांनी आत बोट फिरवले. थोडा तेलाचा ओलावा होता, पण तेल साचलेले नव्हते. दांडा बोटाने हलवून पाहिला, आडवा खेळ जाणवला नाही. गाडी पूर्ण थंड असताना चालू केली, तेव्हा सांगितल्याप्रमाणे क्षणभर धूर आला आणि थांबला. मग बाहुबलीच्या रस्त्याने फिरवून आणली. चढावर पूर्ण जोर दिल्यावर मागे निळा धूर दिसतो का, गिअर बदलताना इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडी मात्र पुढे सरत नाही असे होते का, हे पाहिले. शेवटी संगणक जोडून इंजिनाच्या नोंदी वाचल्या. संगणकात फेरफार करून ताकद वाढवलेली नाही याची खात्री करून घेतली. हा मुद्दा तरुणांनी विशेष लक्षात ठेवावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि न कळवलेले बदल उघडकीस आल्यास विमा कंपनी दाव्याला हरकत घेऊ शकते.

एक गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात सांगतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही आपल्याच उसाचे असते, ही अभिमानाची बाब. परंतु त्या पेट्रोलचा विचार न करता बनवलेल्या जुन्या गाड्यांतील इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील वेळीच तपासून लागल्यास बदलून घ्यावेत. मिस्त्रींनी तो खर्च आधीच मोजून दिला.

घासाघीस फार झाली नाही. ५,१०,००० रुपयांवर व्यवहार ठरला. आता पैशांचे बोलतो, कारण या सदराचे मुख्य काम तेच.

जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा बहुधा जास्त असतो आणि मुदत कमी. समजा चार लाख रुपये बारा टक्के दराने चार वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १०,५३० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १,०५,६०० रुपये जाते. हौसेच्या वस्तूवर एवढे व्याज देऊ नये, असे मी पुतण्याला सांगितले. त्याने आणखी सात महिने थांबून साठवायचे ठरवले आणि डॉक्टरांनी पन्नास हजारांच्या विसारावर गाडी तेवढे दिवस राखून ठेवली. दुसरे असे की किमतीचा निदान पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवल्याखेरीज अशी गाडी घेऊ नये. पहिल्या वर्षी क्लच, शॉकअॅब्सॉर्बर, पट्टे, नळ्या आणि तेल मिळून त्याचे ९२,००० रुपये खर्च झाले. त्यातला एकही खर्च अनपेक्षित नव्हता, सगळे डॉक्टरांच्या कागदावर होते.

कागदपत्रांविषयी थोडे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तारण-नोंद उतरवलेली आहे का, हे पाहावे. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात. एकाच राज्यातील व्यवहारात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. विम्यावरही चौदा दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करावा. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत ही मालकाची असते, गाडीबरोबर ती घेणाऱ्याकडे येत नाही. विकणाऱ्यांनीही हयगय करू नये. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की अपघाताच्या भरपाईसाठी, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो. गाडी देऊन टाकली, पैसे घेतले आणि नाव मात्र तसेच राहिले, तर वर्षांनंतरही नोटीस आपल्या दारी येऊ शकते.

येथे लेख संपला असता, तर तो नेहमीसारखाच झाला असता. पण मिरजेहून परतताना पुतण्याने गाडीत सहज विचारले, "आप्पा, तुम्ही तुमची जुनी गाडी विकलीत तेव्हा सगळं सांगितलंत काय?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. जयसिंगपूर मागे गेले तरी माझ्याकडून उत्तर गेले नाही.

२००९ साली मी माझी पेट्रोल मोटार विकली. ती तेल पीत होती. दर पंधरा दिवसांनी अर्धा लिटर तेल घालावे लागे आणि माझ्या गॅरेजवाल्याने इंजिनाचे काम लवकरच निघेल असे स्पष्ट सांगितले होते. विकण्याच्या आदल्या दिवशी मी तेल पूर्ण भरून घेतले. घेणारे गृहस्थ पन्हाळा तालुक्यातील एका शाळेत शिक्षक होते. त्यांनी विचारले, "साहेब, काही तक्रार?" मी म्हणालो, "मला तरी काही नाही." वाक्य असे रचले होते की उद्या कुणी विचारले तर खोटे ठरू नये. बँक अधिकाऱ्याची भाषा ती!

साडेतीन महिन्यांनी तेच शिक्षक माझ्या शाखेत आले. तक्रार करायला नव्हे. इंजिन उघडावे लागले होते आणि त्यासाठी त्यांना पगारतारण कर्ज हवे होते. वीस हजार रुपये. माझ्या टेबलापुढे बसून त्यांनी अर्ज भरला. मी पगाराची पावती पाहिली, जामीनदाराची सही पाहिली आणि त्याच दिवशी कर्ज मंजूर केले. त्यांनी माझे आभार मानले. मीच दडवलेल्या दोषाच्या दुरुस्तीसाठी मीच त्यांना व्याजाने पैसे दिले आणि त्यांच्याकडून धन्यवाद घेतले. या गोष्टीचा उल्लेख मी पत्नीजवळही कधी केला नव्हता.

त्यानंतर सोळा वेळा दशलक्षण पर्व आले. दरवर्षी तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जवावर प्रवचन ऐकले. मनात एक, बोलण्यात दुसरे आणि करण्यात तिसरे असे नसणे म्हणजे आर्जव, हे मला तोंडपाठ होते. दरवर्षी क्षमावणीला हात जोडून मी सगळ्यांना म्हणालो की जाणता-अजाणता काही चुकले असेल तर क्षमा असावी. 'जाणता' या शब्दापाशी मी कधी थांबलो नाही. आणि ज्यांची खरोखर क्षमा मागायला हवी होती, त्यांच्याकडे गेलोच नाही.

गेल्या क्षमावणीनंतर मी त्यांचे घर शोधून काढले आणि गेलो. शिक्षक आता निवृत्त आहेत. मी सगळे सांगितले. ते बराच वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "गाडी आठवते. दुरुस्तीही झाली होती खरी. किती लागले ते काही ध्यानात नाही बघा आता. जाऊ द्या साहेब, जुनं झालं." पण त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वीस हजार कर्ज काढलेलं. वर चार हजार माझ्या भावानं दिलेले. त्या वर्षी थोरलीच्या डी.एड.ची फी भरायला उशीर झाला, म्हणून माझ्या चांगलं ध्यानात आहे."

मी पाकीट बरोबर नेले होते. त्यांनी ते घेतले नाही. बाई आत गेल्या आणि सरबत घेऊन आल्या. निघताना शिक्षक रस्त्यापर्यंत सोडायला आले. क्षमा केली असे ते म्हणाले नाहीत, आणि मीही पुन्हा विचारले नाही. चोवीस हजार रुपये आणि तेव्हापासूनचे ठेवीच्या दराने होणारे व्याज मी त्यांच्याच शाळेच्या गरजू मुलींच्या फीसाठी दिले. तो हिशेब त्यामुळे मिटला असे मी मानत नाही. ज्या मुलीची फी उशिरा गेली ती वेगळी होती.

म्हणून वाचकहो, जुनी गाडी घेताना काय तपासावे हे वर सांगितलेच आहे, पण आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी विकणारेही असतो. गाडी, घर, फ्लॅट, शेतातला पंप, काहीही असो. विकण्यापूर्वी एक साधा कागद घ्या. वस्तूतले जे जे दोष आपल्याला माहीत आहेत ते क्रमाने लिहा, मीटरवरचा आकडा लिहा, तारीख घाला, खाली दोघांनी सह्या करा आणि एकेक प्रत ठेवा. यामुळे पाच-दहा हजार कमी मिळतील. माझ्या अनुभवाने सांगतो, ते जास्तीचे पाच-दहा हजार पुढे फार महाग पडतात. घेणाऱ्यांनीही असा कागद हक्काने मागावा. जो देत नाही त्याची गाडी कितीही चमकत असली तरी आपली नव्हे.

पुतण्याची गाडी आता १,४४,००० किलोमीटर चालली आहे. दर सात हजारांना तो तेल बदलतो आणि पावती फाइलला लावतो. घरी आल्यावर इंजिन लगेच बंद करत नाही, मिनिटभर तसेच चालू ठेवतो. माझा भाऊ सुरुवातीला यावर चिडायचा, आता तोच शेजाऱ्यांना कारण समजावून सांगतो. डॉक्टरांचा तो सात दोषांचा कागद फाइलच्या पहिल्या पानावर आहे. त्यातले सहा दुरुस्त झाले, तिथे पुतण्याने तारीख घातली आहे. दुपारी एअरकंडिशनर मात्र अजून कमीच पडतो.